रंगमावशीचे पाच शब्द

रंगमावशीचं दुकान रस्त्याच्या वळणावर होतं आणि तिचा आवाज वळणाच्या दोन्ही अंगांना पोचायचा. नवरा गेल्यावर "आता दुकान काढून टाका" असा सल्ला द्यायला जे जे लोक आले, ते परत जाताना रंगाचा एकेक डबा घेऊन गेले, असं गल्लीत अजून सांगतात. रंगाऱ्यांशी तिचं रोज वाजायचं. एखाद्याने घाईघाईत काम उरकलं की ती त्याला गिऱ्हाइकांदेखत उभा करायची. "भिंत तहानलेली आहे बाबा. आधी तिला अस्तर पाज, मग रंगाचं बोल. उपाशी माणसाला अत्तर लावून काय उपयोग?" रंगारी चरफडायचे, पण डबा तिच्याकडूनच न्यायचे.

अशा बाईची वाचा गेली.

सकाळची वेळ होती. ती दुकानात फोनवर बोलत होती. बोलता बोलता शब्द एकमेकांत कालवल्यासारखे झाले, फोन हातातून गळला आणि ती डब्यांच्या थप्पीवर कलली. दुकानाच्या वरच्याच मजल्यावर तिचा धाकटा मुलगा, सून आणि नात राहायची. सून दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. ती कामाला निघालेली, जिन्यातच तिने डबे कोसळल्याचा आवाज ऐकला, म्हणून वेळेवर इस्पितळात नेता आलं. जीव वाचला. पाय थोडा ओढत का होईना, चालू लागला. उजवा हात मात्र अर्धामुर्धाच परत आला, आणि शब्द आले ते फक्त पाच. नाही. थांब. झालं. माकडा. पातळ.

"त्यांना सगळं समजतं," डॉक्टरांनी सांगितलं होतं. "शब्द तोंडापर्यंत येत नाहीत, एवढंच. लिहिण्याचंही तेच. आणि कधी कधी म्हणायचं असेल एक, निघेल दुसरंच. धीर धरा."

त्या पाचांत "हो" नव्हता. धाकटा शाळेची बस चालवायचा, मुलांच्या कलकलाटात राहून त्याला प्रत्येक गोष्टीत थट्टा सुचायची. तो म्हणाला, "हो म्हणायला आईला आधी तरी कुठे जमत होतं?" बायकोने डोळे वटारले. पण खाटेवर टेकून बसलेल्या रंगमावशीच्या ओठाची एक कड वर गेली, त्या महिन्यात पहिल्यांदाच.

भेटायला येणारे लोक तिच्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलायचे, बहिऱ्याशी बोलावं तसं. मग मान वळवून सुनेला विचारायचे, "जेवतात का बऱ्या? झोप लागते का?" रंगमावशी डोळे मिटून घ्यायची. लोकांना वाटायचं दमली. ती दमलेली नसायची, भडकलेली असायची. घरातलेही बदलले होते. सून तिच्यापुढे हळू चालायची, नात खोलीत आली की आवाज उतरवायची, आणि धाकटा कशालाही "बरं आई, बरं" म्हणायचा. त्या घरात आजवर कधी कुणी "बरं आई" म्हटलं नव्हतं. पडद्याच्या कापडापासून बसच्या रस्त्यापर्यंत सगळ्यावर वाद व्हायचा आणि शेवटी कुणीतरी रुसून जिन्यात जाऊन बसायचं. आता कुणी भांडतच नव्हतं. रंगमावशीला हात गेल्याचं दुःख होतंच, पण हे तिला जास्त लागलं.

अशात नात एक खेळ शिकून आली. मैत्रिणीच्या घरी वाढदिवसाला खेळले होते म्हणे. दुकानात रंगांच्या छटा दाखवणारे जुने पुठ्ठे पडले होते. तिने त्यांचे सारखे तुकडे कापले आणि मागच्या कोऱ्या बाजूवर एकेक शब्द लिहिला. नदी, आरसा, सायकल, असे.

"एकाने पत्ता न बघता कपाळावर धरायचा," ती आईबापांना समजावत होती. "बाकीच्यांनी त्या शब्दाची खूण म्हणून पाटीवर एकच शब्द लिहायचा. एकच. बोलायचं नाही, हातवारे नाहीत, भुवया उडवायच्या नाहीत. बाबा, तुम्हाला सांगतेय. आणि दोघांचा शब्द सारखा आला तर दोन्ही पुसायचे. उरेल त्यावरून पत्तेवाल्याने ओळखायचं. सगळे एकाच बाजूचे. ओळखलं तर सगळे जिंकले, नाहीतर सगळे हरले."

"तिघांत काय मजा?" धाकटा म्हणाला. "चौथा कोण आणायचा?"

टेबलावर टकटक झाली. रंगमावशी डाव्या हाताच्या बोटांनी टेबल वाजवत होती.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. नात म्हणाली, "आजी, खेळशील? तू असं कर, तू खुणा केल्यास तरी चालेल. आणि दोन शब्द—"

"नाही," रंगमावशी म्हणाली.

"मग कसं खेळणार?"

तिने नातीच्या हातातली एक पाटी ओढून आपल्यापुढे ठेवली. सगळ्यांना जो नियम तो मला, एवढं तिला म्हणायचं होतं आणि ते न बोलता कळलं. तोडगा निघाला तो असा: नातीने आधी आपला शब्द लिहून पाटी पालथी घालायची, मग आजीने तिच्या कानात आपला शब्द सांगायचा आणि तो नातीने आजीच्या पाटीवर उतरवायचा. जसाच्या तसा.

पहिला पत्ता धाकट्याने कपाळावर धरला. पत्त्यावर होतं, "आरसा". सुनेने लिहिलं. नातीने लिहिलं. मग आजी तिच्या कानाशी वाकली, आणि नात एकदम खुदकन हसली. पाट्या सुलट्या केल्या तर मायलेकी दोघींनी "चेहरा" लिहिलेलं. दोन्ही पुसले. उरली एकच पाटी, ती धाकट्याला दाखवली.

"माकडा," त्याने वाचलं. "हे काय? हे तर आई मलाच म्हणते." त्याने आईकडे पाहिलं. आई ढिम्म. "मला म्हणते... म्हणजे मी. मी माकड. मला माकड कुठे दिसतं?" तो एकाएकी उभा राहिला. "आरसा! अगं आई, आरसा!"

सून इतकी हसली की तिला खोकल्याची उबळ आली. नातीने आजीच्या गळ्यात हात टाकले. रंगमावशी सरळ ताठ बसून राहिली, गिऱ्हाईक किमतीवर घासाघीस करत असताना बसायची तशी.

मग सुनेची पाळी आली. तिने पत्ता धरला, आणि बापलेकींच्या दोन्ही पाट्या "गोळ्या, गोळ्या" म्हणून पुसल्या गेल्या. पुन्हा रंगमावशीचीच उरली. "नाही."

"नाही," सून पुटपुटली. "नाही कोण म्हणतं? आई म्हणतात. पण आईंना कोण म्हणतं? जिना चढायचा नाही, मीठ खायचं नाही, दुकानात बसायचं नाही..." तिचा आवाज जरा खाली आला. "डॉक्टर."

पत्ता बरोबर होता. पण या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तिघांच्याही लक्षात एकच गोष्ट आली होती. चार शब्द बाजूला सारून म्हातारीने पाचवा निवडला होता. आत बसलेली बाई तीच होती, फक्त तिच्या पेटीत हत्यारं कमी उरली होती.

त्या दिवसापासून जेवणं झाली की पाट्या निघायच्या. रंगमावशी काही दरवेळी जिंकून द्यायची नाही. तिच्यामुळे डाव हरलेही. "लग्न"साठी तिने "झालं" दिलं तेव्हा धाकट्याने एक मोठा उसासा टाकून लगेच ओळखलं आणि बायकोचा गुद्दा खाल्ला, पण "नदी"साठी तिने "पातळ" दिलं तेव्हा सगळेच बुडाले.

"आई, नदीला पातळ कोण म्हणतं?" सून वैतागून म्हणाली. "दूध पातळ असतं, आमटी पातळ असते. नदी कधी पातळ असते का?"

रंगमावशीने हाताने लांब वाहत जाणारी रेघ काढली. पातळ.

"पाणी पातळच असतं हो! त्यात सांगण्यासारखं काय आहे? थांब द्यायचं होतं, मी समजले असते, नदी थांबत नाही म्हणून."

"नाही!"

"काय नाही? उगाच हट्ट करू नका. तुम्ही हरवलंत आज."

हे म्हणून गेल्यावर सुनेने जीभ चावली. आजारपणात ती सासूवर पहिल्यांदाच आवाज चढवून बोलली होती. पण रंगमावशीचा चेहरा उजळला होता. तिने टेबलावर थाप मारली आणि नव्या दमाने म्हणाली, "पातळ, पातळ, पातळ!" मग दोघी पुढचा अर्धा डाव तावातावाने भांडल्या, एकीकडे सगळे शब्द आणि दुसरीकडे एकच, आणि त्यात कोण वरचढ ठरलं ते सांगता येणार नाही. धाकटा नातीला हळूच म्हणाला, "घर ताळ्यावर आलं गं."

थोरला मुलगा आला तो या सगळ्यानंतर. तो दूरच्या शहरात विमा कंपनीत मोठ्या जागेवर होता. आईवर त्याचा जीव होता, यात कुणालाही शंका नव्हती. इस्पितळात पहिले आठ दिवस तोच उशाशी बसला होता. या वेळी तो ठरवूनच आला होता. आईला आपल्याकडे न्यायचं, तळमजल्यावर घर आहे, दिवसभर एक बाई ठेवू, आणि खालचं दुकान औषधवाल्याला भाड्याने द्यायचं. औषधवाल्याशी त्याचं फोनवर बोलणंही झालं होतं.

"आईला विचारलंस का?" धाकट्याने विचारलं.

"विचारणार कसं?" थोरला खरोखरच कळवळून म्हणाला. "काल आल्या आल्या मी म्हटलं, आई, चहा घेतेस? म्हणाली नाही. कप पुढे ठेवला तर सगळा प्यायली. मग पुन्हा विचारलं, आणखी हवा? तरी नाही, आणि कप पुढे! तिचं नाही म्हणजे काय धरायचं, तूच सांग."

ते खोटं नव्हतं. "हो" गेल्यापासून रंगमावशीची तीच अडचण होती. मान डोलावून ती बरंच निभवायची, पण घाईत कधी कधी नको ते "नाही" तोंडातून निसटायचंच.

रविवारी दुपारी नातीने मोठ्या काकांना खेळायला बसवलं. थोरल्यालाही ते आवडलं. आईला हसताना बघून त्याचा चेहरा सैल झाला. मग त्याची पाळी आली. त्याने पत्ता कपाळावर धरला, त्यावर "कुलूप" लिहिलेलं होतं. धाकट्याच्या, सुनेच्या आणि नातीच्या तिन्ही पाट्यांवर "किल्ली" निघालं. तिन्ही पुसल्या. उरली आईची पाटी: "थांब".

थोरला विचारात पडला. "थांब... थांबा... बसथांबा?" तो पुटपुटला. त्याने आईकडे पाहिलं. आई त्याच्याकडे टक लावून बसली होती, सगळा जीव डोळ्यांत आणून. थोरल्याला ते बघवलं नाही. समोर काचेचं कपाट होतं. त्याची नजर कपाटाकडे गेली, क्षणभर थांबली आणि परत आली.

"कुलूप!" तो म्हणाला. "बरोबर ना? वा आई! काय शब्द दिलास!" आणि त्याने टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

"नाही," रंगमावशी म्हणाली.

"अगं बरोबर आहे आई, बघ, कुलूपच आहे."

"नाही! थांब!" तिने डाव्या हाताने त्याच्या बोटांतून पत्ता काढून घेतला. मग कपाटाच्या काचेकडे बोट केलं, मग त्याच्या डोळ्यांकडे. पत्ता तिने दातात धरून फाडला, कारण दुसरा हात साथ देत नव्हता, आणि दोन तुकडे त्याच्यापुढे टाकले. "माकडा!"

नातीने हळूच विचारलं, "मोठे काका, तुम्ही काचेत बघितलंत?"

थोरला लाल झाला. "मी तिच्यासाठीच... तिला बरं वाटावं म्हणून. एवढं काय त्यात? खेळच आहे." तो उठला. "बघितलंत ना? डॉक्टर म्हणाले होते, स्वभाव चिडका होईल. हे असं आहे. आणि तुम्ही म्हणता तिला इथे ठेवा."

रंगमावशीने तो डाव हरला म्हणून हारजीत मांडायच्या फळ्यावर फुली मारायला लावली तेव्हाच तिचा श्वास खाली बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी औषधवाला दुकान बघायला आला. गोल चेहऱ्याचा, सभ्य माणूस. थोरल्याने शटर वर केलं. बंद दुकानाला येतो तसा टर्पेंटाइनचा आणि धुळीचा एकत्र वास आला. काउंटरवर अजून त्या सकाळची अर्धवट उघडलेली डबी पडली होती, वरचा रंग वाळून त्याची साय झालेली. औषधवाल्याने खिशातून मेजरटेप काढला आणि भिंत मोजू लागला. "इथे रॅक येईल," तो म्हणाला. "इथे फ्रिज. हे रंगाचं मशीन काढावं लागेल."

जिन्यावरून पाय ओढल्याचा आवाज आला. रंगमावशी एकेक पायरी उतरत खाली येत होती, मागे सून, तिच्यामागे नात. सुनेने दवाखान्यात उशिरा येते म्हणून कळवलं होतं.

"आई, तू कशाला उतरलीस?" थोरला धावला. मग औषधवाल्याला म्हणाला, "माझ्या आई. त्यांची हरकत नाही, काळजी करू नका."

"नाही," रंगमावशी म्हणाली.

औषधवाला गोंधळला. "त्या नाही म्हणताहेत."

"त्यांना झटका येऊन गेलाय ना, शब्द इकडचे तिकडे होतात," थोरल्याने आवाज खाली आणून सांगितलं. "त्यांचं नाही म्हणजे पुष्कळदा होच असतं."

"मोठे काका, तसं नाहीये!" नात पुढे आली. "तिला बरोबर कळतं. तुम्ही विचारून बघा. काहीही विचारा!"

थोरल्याला तेही पटलं. त्याला आईला फसवायचं नव्हतंच. तो तिच्यापुढे वाकला आणि सगळे लोक बोलायचे तसा मोठ्याने, सावकाश म्हणाला, "आई. मी. तुझा. मुलगा. आहे का?"

रंगमावशी त्याच्याकडे बघत राहिली. नात पुटपुटली, "मान डोलव आजी, नुसती मान डोलव." बाहेर एक रंगारी सायकल टेकवून डोकावत होता. शटर उघडं बघून तो थांबला होता. औषधवाल्याने टेप तसाच भिंतीला ताणून धरला होता.

रंगमावशीने मान डोलवली नाही. "नाही"सुद्धा म्हटलं नाही. ज्या दुकानात तिने आयुष्य काढलं, त्यात उभं राहून, परक्या माणसासमोर, स्वतःच्या पोराने घेतलेली परीक्षा ती द्यायला तयार नव्हती. पास होण्यासाठीसुद्धा नाही.

ती पाय ओढत औषधवाल्याकडे गेली. त्याच्या हातातून टेपची डबी घेतली आणि कळ दाबली. ताणलेली पट्टी सर्रकन आत गेली. मग तिने ती डबी त्याच्या सदऱ्याच्या खिशात ठेवली, खिशावर वरून एक थाप मारली आणि हात लांब करून त्याला रस्ता दाखवला. त्यात राग नव्हता. गिऱ्हाइकाला रंग विकायचाच नसला की ती असंच करायची.

नंतर ती काउंटरमागे गेली, खुर्चीवरची धूळ पदराने झटकली आणि बसली.

सून थोरल्याकडे वळली. तिचा आवाज शांत होता. "भाऊजी, याचाही अर्थ मी सांगू का?"

औषधवाला खिशावर हात ठेवून म्हणाला, "नको, मला कळला." तो जाताना रंगमावशीला नमस्कार करून गेला. त्याने पुढे चौकात दुसरी जागा बघितली.

थोरला एका उपड्या डब्यावर बसला. मग एकदम म्हणाला, "त्या सकाळी तुझ्याशी फोनवर मी होतो."

ते सुनेला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं.

"तू मला सांगत होतीस, कुणीतरी रंगात पाणी घालून भिंत बिघडवली म्हणून. भडकून बोलत होतीस. मी नेहमीसारखा हं, हं करत होतो. आणि मग तुझे शब्द असे... विरघळायला लागले. मी म्हणतोय, आई, काय? काय म्हणालीस? आणि मग तो डब्यांचा आवाज." त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "इतक्या लांबून मी नुसता आई, आई करत होतो. मला ते पुन्हा नाही ऐकायचं. तू माझ्या डोळ्यासमोर राहा, एवढंच मागतोय मी. दुकान गेलं खड्ड्यात."

रंगमावशी उठली. डबे चाचपत, काउंटरला धरत ती त्याच्यापर्यंत आली. तिने त्याचं डोकं आपल्या पोटाशी घेतलं, चांगला पन्नाशीकडे झुकलेला, टक्कल पडू लागलेला तिचा पोरगा, आणि डाव्या हाताने थोपटत राहिली. तिच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती काहीतरी म्हणायला धडपडत होती, ओठ हलत होते, घशातून नुसते तुटके आवाज येत होते. ते तिने सोडून दिलं. मग त्याची हनुवटी धरून तोंड वर केलं आणि स्वच्छ, हळू आवाजात म्हणाली, "नाही."

थोरला ओल्या डोळ्यांनी हसला. "कळलं," तो म्हणाला. "कळलं गं बाई."

कळलं म्हणजे पटलं असं नव्हे. संध्याकाळपर्यंत त्याचं आणि धाकट्याचं चांगलंच जुंपलं. ती पडली तर कोण बघणार, जिना कसा उतरणार, एका हाताने डबे कसे उचलणार. प्रश्न खरे होते. रंगमावशी दोघांच्या मधे बसून एकेका मुद्द्यावर आपला एकेक शब्द टाकत होती. शेवटी ठरलं ते असं: दुकान फक्त सकाळी उघडायचं, सुनेने दवाखान्यातली दुपारची पाळी मागून घ्यायची, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा लावायचा. कठडा थोरल्याने स्वतः उभं राहून बसवून घेतला आणि मगच तो गाडीत बसला. जाताना तो काही फार खुशीत नव्हता. "माझं ऐकत नाहीस," एवढं म्हणाला. आईने मान डोलवली, अगदी मनापासून.

दुकान उघडलं तेव्हा पहिला आला तो सायकलवाला रंगारी. "मावशी, शिव्या कमी झाल्या म्हणे तुमच्या," तो म्हणाला. "आम्ही पोरकेच झालो." मावशीने त्याने आणलेला जुना नमुना उजेडात धरला, मशीनवर छटा बसवली, डब्यात काठी फिरवून ती काठीवरची धार डोळ्यांसमोर धरली, आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "पातळ." डबा परत मशीनखाली गेला. रंगारी काउंटरवर कोपर टेकून समाधानाने उभा राहिला.

सगळेच असे नव्हते. काही जुनी गिऱ्हाइकं चौकापलीकडच्या दुकानात जायला लागली. तिथे सगळं झटपट व्हायचं. एकदा तिने एकाला निळ्याऐवजी हिरवट दिला आणि तो डबा परत आला. त्या दिवशी ती जेवली नाही. पण दुसऱ्या दिवशी खाली उतरलीच. सुनेने डबे हलवून जड ते खाली, हलके ते वर लावले, आणि त्यावरून दोघींचं पुन्हा वाजलं, कारण रंगमावशीला पांढरा डाव्या हातालाच हवा होता.

एके सकाळी एक नवा बंगलेवाला आला. चांगले कपडे, हातात गाडीची किल्ली. रंगमावशी काउंटरमागे बसली होती. त्याने तिला काहीतरी विचारलं, ती उत्तरादाखल छटांचे पुठ्ठे पुढे करू लागली, तेवढ्यात तिचा अधू हात आणि शब्दासाठी अडलेले ओठ त्याच्या ध्यानात आले. तो लगेच मान वळवून कोपऱ्यात डबे पुसणाऱ्या सुनेला म्हणाला, "अहो, यांना काही कळतं का? दुसरं कुणी नाही का दुकानात?"

सुनेने फडकं खाली ठेवलंही नाही. "दुकान त्यांचं आहे," ती म्हणाली. "त्यांनाच विचारा."

"पण त्या बोलत नाहीत."

"तुम्ही बोला की."

त्याच्यामागे दोघं उभे होते. रंगमावशीने त्याच्याकडे बोट करून "थांब" म्हटलं आणि मागच्या माणसाला पुढे घेतलं. त्याचं काम झाल्यावर त्याच्याही मागच्याला घेतलं. बंगलेवाला एकदा घड्याळ बघून दारापर्यंत गेला. पण बाहेर ऊन होतं, गाडी लांब उभी होती आणि त्याच्या बैठकीची एक भिंत अर्धीच रंगून राहिली होती. तो परत आला.

काउंटरपुढे उभा राहून तो आता नेहमीच्या आवाजात, नेहमीच्या वेगाने म्हणाला, "मावशी, बैठकीची भिंत आहे. पश्चिमेचं ऊन येतं. रंग टिकत नाही. काय लावू?"

रंगमावशीने त्याला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. मग पुठ्ठ्यांची चळत त्याच्यापुढे उलगडली, त्याने जिच्यावर बोट ठेवलं ती छटा "नाही" म्हणून बाजूला सारली आणि आपल्या पसंतीची काढून त्याच्या हातात ठेवली.